शाळा सुरू होतेय आणि मला नक्की काय वाटतंय तेच कळेना (नाशिककर मनपा-जि.प.वाले पालक, या इकडे)

रानजाई | १४ जून २०२५, रात्री १०:५०

परवा सोमवारी, १६ तारखेला शाळा. आज मेन रोडला जाऊन आले. दोन रेनकोट, एक दप्तर, खाकी कागदाचा रोल, डिंकाची बाटली. बुटांचं मात्र फसलं. धाकट्याचे मार्चमध्येच घेतले होते म्हणून निवांत होते. घरी येऊन घालून बघितले तर टाच आत जाईना. सुट्टीत पोरांचे पाय वाढतात हे मी दर जूनला विसरते.

आधी आमचं सांगते. लेक सातवीत गेली, धाकटा तिसरीत. दोघंही मनपाच्या मराठी शाळेत, सिडकोत. मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला, जनरल शिफ्ट. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते. सासू-सासरे गावी, माझी आई नाही. त्यामुळे मामाचं गाव वगैरे आमच्याकडे आठ दिवसांत आटोपतं. मग उरतो सगळा मे आणि अर्धा जून.

सकाळी साडेआठला मी बाहेर पडते. पोरं आतून कडी लावतात. "कोणी आलं तरी दार उघडायचं नाही, आधी खिडकीतून बघायचं, गॅसजवळ धाकट्याला जाऊ द्यायचं नाही." रोज तेच पाठ, आणि रोज ते दोघं माझ्या आधीच म्हणून दाखवतात. कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करतात. एक वाजता जेवणाच्या सुट्टीत मिळतो, तेव्हा फोन. धाकटा म्हणे पावणेएकपासून फोन मांडीवर घेऊन बसतो. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलतो आणि पहिलं वाक्य तक्रारीचं, "ताईने मला..."

आता खरं ते सांगते. मागच्या आठवड्यात मे महिन्याचा दुधाचा हिशेब करायला कालनिर्णय काढलं. मी खाडे पेन्सिलीने खुणा करून ठेवते. मोजले तर एकोणीस. मला आठवतात तीन! दूधवाल्याशी वाद घालायच्या आधी म्हटलं पोरांना विचारावं. लेक म्हणाली, "कोपऱ्यातल्या रेघा दुधाच्या नाहीत. त्या माझ्या आहेत." शाळेला किती दिवस राहिले त्याच्या रेघा. जूनचं पान उलटलं तर १६ तारखेला गोल.

मला इतकं बरं वाटलं. पोरीला शाळा आवडते म्हणून शेजारणीलाही सांगितलं. रात्री भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला. बारा वर्षांची पोर रोज कुकर लावते, भावाला वाढते, त्याची भांडणं सोडवते, मोटार सुरू झाली की पाणी भरते. ती शाळेचे दिवस मोजत नव्हती, सुटकेचे मोजत होती.

आणि गंमत म्हणजे मीही तेच मोजत होते. फक्त रेघा मारत नव्हते.

एकीकडे सोमवार कधी येतो असं झालंय. दुसरीकडे दोघं गेली की पुन्हा तीच धावपळ, तोच अभ्यास, आणि सुट्टीत त्यांच्यासाठी काहीच केलं नाही ही रुखरुख. आमरससुद्धा दोनदाच झाला. तुमच्याकडे काय परिस्थिती?

---

निलपरी | १४ जून, रात्री ११:२०

रेघांचं वाचून पोटात कालवलं गं.

माझी पहिलीला जातेय, त्यामुळे माझ्याकडे उलटं. ती उड्या मारतेय, मी घाबरलेय. एप्रिलमध्ये शाळेत 'पहिले पाऊल'चा मेळावा होता, पहिलीत येणाऱ्या पोरांची तयारी बघायचा, सात टेबलं मांडलेली. एका टेबलावर उड्या मारायच्या, एका ठिकाणी चित्र बघून गोष्ट सांगायची, एका ठिकाणी वस्तू मोजायच्या. सगळीकडे पटापट उत्तरं दिली. मग बाईंनी विचारलं, घरी रुसलीस तर काय करतेस? म्हणाली, "मम्मीला रुसायला लावते." सगळे हसले. मी पण हसले, पण ते खरं आहे.

यंदा पहिलीचा अभ्यासक्रमही नवा. पुस्तकं कशी आहेत कुणी बघितली का?

---

अडुळसा | १४ जून, रात्री ११:४५

राग मानू नका, पण कंपनीत दोघं कमावता तर मुलांना जरा बऱ्या शाळेत का घालत नाही? मनपा शाळेत खिचडी सोडून काय मिळतं? आणि सुट्टीत एखादं शिबिर लावायचं.

---

रानजाई | १५ जून, सकाळी ७:१०

राग नाही, पण हिशेब देते. शिबिर दहा ते बारा. माझी कंपनी नऊ ते साडेपाच. दहाला सोडायला कोण आणि बाराला आणायला कोण? शिबिराचे पैसे बाजूलाच राहिले.

खिचडीचं म्हणाल तर ती "सोडून" द्यायची गोष्ट नाही. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, वर डाळ-कडधान्य. आमच्या घरात शाळा चालू असताना आणि बंद असताना तांदळाचा डबा किती दिवसांत तळाला जातो ते मला बरोबर माहीत आहे. धाकट्याला तर शाळेतली मटकीची उसळ आवडते, माझ्या हातची नाही.

---

सातपूरकर | १५ जून, सकाळी ९:३०

अडुळसा, बऱ्या शाळेची गोष्ट माझ्याकडून ऐका.

पोरगं गेल्या वर्षी पहिलीला. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळेत राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांत फॉर्म भरला. तेव्हाच सरकारने नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईची मुलं घेण्यातून सूट. हायकोर्टाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, मग पुन्हा फॉर्म. १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द झाला आणि त्यानंतर प्रवेश. तोवर पोरगं महिना-दीड महिना घराजवळच्या मनपा शाळेत बसलं होतं. तिथे त्याचे मित्र झाले, बाईंचं नाव घेतल्याशिवाय जेवत नव्हता. तरी आम्ही उचलून इंग्लिश मीडियमला नेला. नंबर लागला म्हटल्यावर सोडणार कोण?

फी माफ, खरं आहे. पण गणवेश त्यांच्याच दुकानातून, आठवड्याचे दोन वेगळे, बूट दोन. "अॅक्टिव्हिटी"चे पैसे. व्हॅनचे पैसे. ते सगळं केलं असतं, कर्ज काढून केलं असतं. पण ऑक्टोबरपासून पोरगं बोलायचं बंद झालं. घरी मराठीत पण नाही. काय झालं विचारलं की म्हणे, "मला मे आय गो टू टॉयलेट येत नाही." एवढंच. त्या एका वाक्यासाठी दिवसभर पाणी पीत नव्हता.

या जूनपासून पुन्हा मनपा शाळेत. दाखला आणला. बायको खूश आहे, माझे वडील नाराज. मी? परवा दाखल्याचा कागद हातात घेतला तेव्हा हरल्यासारखं वाटलं, आणि त्याने जुन्या बाईंना बघून पळत जाऊन मिठी मारली तेव्हा मी बाहेर येऊन गाडीची हवा तपासत बसलो. हवा ठीक होती.

---

निलपरी | १५ जून, सकाळी ९:५५

+१००. गाडीची हवा 😢

---

पेठचा_मास्तर | १५ जून, दुपारी १२:१५

धागा वाचतोय तेव्हापासून शाळेत आहे. रविवार असला तरी. उद्या प्रवेशोत्सव, तोरणं बांधायची आहेत, मागच्या खोलीत मेच्या पावसाचं पाणी शिरलं होतं ते काढतोय. यंदा मे महिना म्हणजे उन्हाळा होता की पावसाळा देव जाणे.

रानजाईताई, तुमची लेक सुटकेचे दिवस मोजत होती हे तुम्हाला कळलं, बऱ्याच घरांत ते कळतही नाही. माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुली अशा असतात की पहिल्या दिवशी बाकावर बसल्या की आधी दहा मिनिटं नुसत्या बसतात. काही करायला सांगू नये त्यांना. मी आता सांगत नाही.

पण आमच्या डोंगरातलं वेळापत्रक तुमच्यापेक्षा वेगळं. शहरात सुट्टी मेमध्ये. आमची खरी सुट्टी दिवाळीनंतर लागते. घरंच्या घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला जातात. पोरं बरोबर. पटावर पंचेचाळीस, समोर अठरा. आजी-आजोबांकडे पोरं ठेवा म्हणून आम्ही पाड्यापाड्यावर फिरतो, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव करतो, काही थांबतात, काही नाही. जून-जुलैमध्ये मात्र भाताच्या कामाला सगळे घरी, त्यामुळे वर्ग भरलेला. म्हणून शाळा उघडायचा दिवस माझा सगळ्यात आवडता, आणि तेव्हाच मनात येतं की यातली किती डिसेंबरात दिसतील.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची जि.प. शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते. मुलं दोन्ही हातांनी लिहितात म्हणून तिचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. मला त्या दोन हातांपेक्षा ३६५ चं जास्त वाटतं. सुट्टीच नाही म्हटल्यावर आईबापांचा जीव किती हलका होत असेल. प्रत्येक शाळेला ते जमणार नाही. मी बायकोला सांगितलं तर मलाच कायमची सुट्टी मिळेल.

---

अडुळसा | १५ जून, दुपारी १:०५

मास्तर, शिकवण्याचं काय मग? दोन महिन्यांत पोरं सगळं विसरून येतात म्हणे.

---

पेठचा_मास्तर | १५ जून, दुपारी १:४०

विसरतात ना. हातच्याची वजाबाकी तर अशी विसरतात की जणू कधी भेटलीच नव्हती. वाचन कमी विसरतात, कारण दुकानाच्या पाट्या, बसच्या पाट्या, मोबाइल, काही ना काही वाचत असतात. म्हणून पहिला पंधरवडा आम्ही नवीन धड्याला हातच लावत नाही, मागचंच. पालकांनी तेवढं ऐकावं. जूनमध्येच वही कोरी का म्हणून भांडायला येऊ नये.

आणि आम्ही दोन शिक्षक, चार वर्ग. साठ मुलांपर्यंत कायद्यानेच दोन. त्यातल्या एकाकडे मतदारयादीचं काम. त्यामुळे शिकवण्याचं काय हा प्रश्न मीही रोज विचारतो.

---

आजोबा_पंचवटी | १५ जून, सायंकाळी ५:३०

मी याच गावच्या पालिकेच्या शाळेत शिकलो. तेव्हा महापालिका नव्हती, ती १९८२ सालची. आमच्या वेळी आईवडिलांना "संमिश्र भावना" नव्हत्या असं लिहिणार होतो, पण थांबलो.

आमच्या घरी मे म्हणजे कुरडया. पहाटे गव्हाचा चीक शिजवायचा, तो सतत हलवावा लागतो, नाहीतर गाठी. हलवायला मी. आई सोऱ्याने घालायची आणि गच्चीवर राखणीला पुन्हा मी, कावळे हाकायला. सात जूनला मृग लागायचा, वाळवणं डब्यात जायची आणि मग शाळा. शाळा उघडली त्या दिवशी आई म्हणाली, "गेला बाई माझा हात." मला वाटलं हाताला काही झालं. पुष्कळ वर्षांनी अर्थ लागला.

रानजाई, तुझी लेकही तुझा हात आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला हात करून ठेवू नये. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हातारा बोलतो.

---

रानजाई | १५ जून, रात्री ९:१५

आजोबा, वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं, पण तुम्ही बोललात म्हणून नाही.

आज दोघांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून रफ वह्या शिवल्या. दाभण धाकट्याने हातात धरायला मागितलं, दोन टाके घातले, दोन्ही वाकडे. गणवेश गेल्या वर्षीचाच उद्या घालतील. गेल्या वर्षी ते एक राज्य एक गणवेश होतं ना, सरकारकडूनच शिवून आलेला, लेकीचा दोन मापं मोठा आला होता. तेव्हा चिडले होते, आता तो बरोबर बसतोय!

---

सातपूरकर | १५ जून, रात्री ९:४०

😂 सरकारने दूरदृष्टीने शिवला होता.

यंदा कापड-शिलाईचं पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलंय. आमच्या समितीच्या बैठकीला या म्हणून निरोप आलाय. जाईन म्हणतो. सगळे पालक गैरहजर राहतात आणि मग व्हॉट्सअॅपवर ओरडतात, मी पण त्यातलाच.

---

गावठी_कोथिंबीर | १६ जून, सकाळी ११:००

उशिरा आले धाग्यावर. मी घरीच असते, तरी मला सुट्टी संपली की बरं वाटतं. तुम्हाला नोकरीचं निमित्त आहे, मला तेही नाही. दोन महिने दिवसातून चौदा वेळा "मम्मी भूक लागली." आज दहाला दोघं गेले. घर आवरलं. गादीखाली आंब्याची वाळलेली कोय सापडली, तिला डोळे-नाक काढलेले. फेकवेना. ओट्यावर ठेवलीय, माझ्याकडेच बघतेय.

---

निलपरी | १६ जून, दुपारी २:३०

गेली! गुलाबाचं फूल, टोपी, दारात पायाचे ठसे कागदावर. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी गेटच्या बाहेर अर्धा तास उभी. शिपाईमामा म्हणाले, "ताई, पोरं रडली तर आम्ही फोन करतो. आया रडल्या तर काय करायचं ते वर विचारावं लागेल."

---

दांडीबहाद्दर | १८ जून, सकाळी ८:००

काल रात्रीचा तिसऱ्या भाषेचा जीआर वाचला का? पहिलीपासून हिंदी "सर्वसाधारणपणे". हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर वर्गात किमान वीस मुलं पाहिजेत. शिक्षणमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, मालेगावचे, त्यांना निवेदन द्यायला पाहिजे. पहिलीच्या पोरांवर तीन भाषा म्हणजे

---

व्यवस्थापन | १८ जून, सकाळी ८:२५

तिसऱ्या भाषेवर चर्चेसाठी वेगळा धागा काढला आहे. इथे कृपया मूळ विषयावर लिहावे. चालू धाग्यावरचे पुढील सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

---

पेठचा_मास्तर | १८ जून, सकाळी ८:४०

हलवले ते बरं केलं. मी लिहिलेला प्रतिसाद नोकरीला धोकादायक होता.

पहिल्या दिवशी पटावरचे सगळे आले, एक मुलगी सोडून. तिच्या पाड्यावर जाऊन आलो. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून थांबवली होती. म्हटलं भावालाही घेऊन ये. आता तीन वर्षांचा एक विद्यार्थी जादा झालाय, खिचडीला सगळ्यात पुढे.

---

रानजाई | १८ जून, रात्री १०:३०

दोन दिवस लिहायला जमलं नाही.

सोमवारी दोघं गेली. साडेदहाची शाळा, पण लेक पावणेदहालाच दारात. पुस्तकं त्याच दिवशी मिळाली, संध्याकाळी कव्हरं घालायला बसलो. धाकट्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि इयत्तेसमोर सवयीने दुसरी लिहिलं, मग त्यावर चिठ्ठी चिकटवली.

त्या दिवशी एक वाजता गेटवरून मोबाइल घेतला आणि सवयीने घरचा नंबर लावला. वाजत राहिला. पूर्ण वाजून बंद झाला. तेव्हा लक्षात आलं की घरात कोणी नाही. डबा उघडून बसले, जेवण गेलं नीट, उगाच खोटं कशाला बोलू. उलट कितीतरी दिवसांनी सावकाश जेवले. शेजारची म्हणाली, आज पोरांची भांडणं सोडवायची नाहीत का?

पण मला सांगायचं होतं ते आजचं. संध्याकाळी घरी आले तर धाकटा एकटाच पायरीवर, शेजारच्या काकूंकडे दप्तर टाकून. ताई कुठे? तर खो-खोच्या मैदानावर. बाईंनी शाळेच्या संघासाठी मुली बघायला थांबवलं होतं. सव्वासहाला आली, गुडघे मातीने लाल, वेणी सुटलेली. मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते माहितीय? "अगं, कुकर लावायचा राहिला ना."

नाही बोलले. शब्द अगदी ओठावर आला होता.

मीच लावला.

---

आजोबा_पंचवटी | १८ जून, रात्री १०:५०

वाचलं. संघात घेतलं का पोरीला?

---

रानजाई | १८ जून, रात्री ११:०५

उद्या सांगणार आहेत. ती झोपलीय. कालनिर्णयावर उद्याच्या तारखेला गोल काढून ठेवलाय, या वेळी पेनाने. आता दूधवाल्यासाठी वेगळं पान शोधावं लागणार.

---

निलपरी | १८ जून, रात्री ११:१०

आणि बुटांचं काय झालं शेवटी?

---

रानजाई | १८ जून, रात्री ११:१२

शालिमारला मिळाले. एक नंबर मोठे घेतलेत, पुढे कापूस भरलाय. चालताना फटक फटक वाजतात. त्याला तेच आवडलंय.